शेजारी देशांच्या आरोग्य संस्थांनी एकत्र काम करायचं म्हणजे नेमकं काय? देवगडहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

तुम्ही देवगडच्या, एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्यातलं पदव्युत्तर शिक्षण करताय आणि विचारलंय की "शेजारी देशांच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी मिळून काम करावं असं शिकवतात, पण हे दिल्ली, ढाका, काठमांडूचं काम, कोकणात त्याचा काय संबंध? आणि प्रोजेक्टमध्ये सुरुवात कशापासून दाखवू, करार, सामायिक डेटाबेस की ट्रेनिंग?" मी साथरोग सर्वेक्षणात बरीच वर्षं काढली, त्यातली जास्त रत्नागिरी जिल्ह्यात, त्यामुळे जे बघितलंय त्यावरूनच सांगतो, जरा लांबेल.

करार आधी की डेटाबेस आधी हा प्रश्न नंतरचा. त्याच्या आधीचा प्रश्न असा, की एका देशातल्या आरोग्य केंद्रात कळलेली गोष्ट दुसऱ्या देशातल्या ज्या आरोग्य केंद्राच्या कामाची आहे तिथपर्यंत वेळेत पोचते का, आणि पोचल्यावर तिचं पुढे काय झालं हे पाठवणाऱ्याला कधी कळतं का. हा दुसरा भाग जवळजवळ सगळ्या प्रस्तावांत नसतो, आणि माझ्या मते सहकार्य टिकतं की बसतं ते त्यावरच ठरतं.

आता कोकणाचा संबंध. तुम्ही देवगडच्या आहात म्हणजे आंब्याच्या बागेत राखणीला, फवारणीला नेपाळी माणसं असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. तसंच मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे, कुठल्याही बंदरावर जा, ट्रॉलर आणि पर्ससीनवर खलाशी म्हणून नेपाळी पोरं भरपूर, पश्चिम नेपाळातली, कैलाली, डोटी, अछाम अशा जिल्ह्यांतली बरीच. १ जूनला मासेमारी बंदी लागली की बोटी किनाऱ्याला लागतात आणि ही पोरं गावाला जातात, हंगाम सुरू झाला की परत. म्हणजे दरवर्षी ठरलेल्या महिन्यात आपल्या बंदरातून शेकडो मैल लांबच्या एका देशात माणसं जातात आणि येतात, आणि भारत-नेपाळ सीमा खुली आहे, कुठे शिक्का नाही की नोंद नाही.

त्यात मलेरिया घाला. व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी यकृतात लपून राहतो, ताप गेला तरी काही आठवड्यांनी, महिन्यांनी परत उठतो. म्हणून आपल्याकडे रक्तातल्या परजीवीसाठी क्लोरोक्विन तीन दिवस आणि यकृतात लपलेल्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस असा पूर्ण उपचार असतो. आता बोटीवरच्या पोराला मे महिन्याच्या शेवटी ताप आला, तपासलं, पॉझिटिव्ह निघाला, गोळ्या दिल्या. तीन दिवसांत ताप उतरतो, चौथ्या दिवशी तो गाडीत बसतो. प्रायमाक्विनची पट्टी बॅगेत राहते किंवा राहतही नाही. तो घरी पोचतो तेव्हा तिकडे पावसाळा सुरू होत असतो, डास वाढायचे दिवस, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याला परत ताप येतो. तिथलं आरोग्य केंद्र तपासतं आणि केस 'बाहेरून आलेली' म्हणून नोंदवतं. नेपाळमध्ये आता मलेरियाच्या बहुतेक केसेस अशा बाहेरून आलेल्याच असतात आणि त्यातल्या सगळ्यात जास्त भारतातून गेलेल्या. हे मुद्दाम ठळक सांगतो, कारण बंदरावर "हे लोक आजार घेऊन येतात" असं सर्रास बोललं जातं, आणि ते त्या पोरांवर अन्याय करणारं आहे. मलेरिया दोन्हीकडून जातो-येतो, आणि त्यातला बराचसा आपण तिकडे पाठवतो.

ही बातमी आपल्यापर्यंत कशी येणार? कागदावर रस्ता आहे. तिथलं केंद्र, त्यांचा जिल्हा, मग काठमांडूतला त्यांचा साथरोग नियंत्रण विभाग, तिथून दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र म्हणजे एनसीडीसी, मग पुण्यातलं राज्याचं आरोग्य कार्यालय, मग रत्नागिरी, मग बंदराजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र. प्रत्यक्षात एका व्हायवॅक्सच्या केससाठी एवढी साखळी कोण हलवणार. आणि आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतही ती बसत नाही. ते नियम २००५ साली मंजूर झाले, २००७ पासून लागू आहेत. त्यात देशाने घटनेचं मूल्यमापन ४८ तासांत करायचं आणि ती आंतरराष्ट्रीय आणीबाणी ठरू शकते असं वाटलं तर पुढच्या २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं. चार प्रश्नांची चाळणी आहे, दोनांचं उत्तर 'हो' आलं तर कळवा. म्हणजे हे नियम मोठ्या, अचानक उद्भवलेल्या गोष्टींसाठी. रोजचा, ओळखीचा, दरवर्षी त्याच वाटेने जाणारा आजार त्यातून निसटतो, आणि नेमकी हीच जागा शेजाऱ्यांनी आपसात भरायची असते. तुमच्या प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर तो इथे आहे.

आमच्याकडे रजिस्टरचा पत्त्याचा रकाना उघडला की नेपाळी पेशंटसमोर एकच शब्द असायचा, 'नेपाळ'. बोटीचं नाव असायचं, मालकाचं असायचं, पण माणसाचं गाव नाही. नोंदणारा आरोग्यसेवक काही चुकीचं करत नव्हता, त्याला स्थानिक पत्ता लागतो, फवारणी तिथे करायची असते. पण 'नेपाळ' एवढ्यावरून तिकडे कुणीही काहीही करू शकत नाही. मग आम्ही जिल्हा, पालिका आणि वॉर्ड नंबर लिहायला लावलं आणि शेजारी 'गावी कधी जाणार' असा एक प्रश्न. त्या दुसऱ्या प्रश्नाचा उपयोग लगेच दिसला, कारण जो चार दिवसांत जाणार आहे त्याला उरलेल्या सगळ्या गोळ्या हातात देऊन, तांडेलासमोर, म्हणजे बोटीवरच्या प्रमुखासमोर, समजावून पाठवता येतं, आणि जो राहणार आहे त्याला रोज जेट्टीवर जाऊन समोर गोळी देता येते. गर्भवती बाईला प्रायमाक्विन चालत नाही, काहींच्या रक्तात एका एन्झाइमची कमतरता असते त्यांना त्रास होतो, म्हणून हातात गोळ्या देताना विचारपूस करायलाच लागते, लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून दवाखाना गाठ हे सांगायलाच लागतं. हे सगळं करायला कुठलाही आंतरराष्ट्रीय करार लागला नाही. पण पुढची पायरी, म्हणजे तिकडच्या केंद्राला "हा माणूस येतोय, सहा दिवसांच्या गोळ्या राहिल्यात" हे कळवणं, त्यासाठी मात्र तिकडे ओळखीचं कुणीतरी लागतं आणि तुम्हाला तसं कळवायची परवानगी लागते. राष्ट्रीय संस्थेचं काम इथे सुरू होतं.

राष्ट्रीय संस्था म्हणजे तरी नक्की कोण, इथे पहिली अडचण येते. आपल्याकडे सर्वेक्षण एनसीडीसीकडे, विषाणूंची मोठी प्रयोगशाळा पुण्याची एनआयव्ही, ती आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधन परिषदेखाली, आणि डासांचे आजार तिसऱ्याच केंद्राकडे. बांगलादेशात आयईडीसीआर ही एकच संस्था साथीचा तपास आणि प्रयोगशाळा दोन्ही बघते. श्रीलंकेत मंत्रालयाचं साथरोगांचं एपिडेमिऑलॉजी युनिट, भूतानला स्वतःचं रोग नियंत्रण केंद्र, पाकिस्तानात इस्लामाबादची राष्ट्रीय आरोग्य संस्था, एनआयएच. म्हणजे ढाक्याच्या माणसाला भारतात एक फोन करायचा तर कुणाला करायचा हे आजारानुसार बदलतं. त्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका यांना आग्नेय आशिया विभागात टाकलंय आणि पाकिस्तानला पूर्व भूमध्य विभागात, त्यामुळे एकमेकांना लागून असलेले दोन देश विभागीय बैठकीत एका टेबलावर येतच नाहीत. सार्कची क्षयरोगासाठीची संस्था १९९२ पासून नेपाळात आहे, पण सार्कची शिखर परिषदच २०१४ नंतर झालेली नाही. तर प्रोजेक्टमध्ये 'दक्षिण आशियाई देश' असा सरसकट शब्द वापरू नका. कुठले दोन देश, कुठला आजार, दोन्ही बाजूंचं कुठलं ऑफिस, हे तीन धरूनच लिहा. नेपाळबरोबर जे जमेल ते पाकिस्तानबरोबर आज जमणार नाही, आणि श्रीलंकेबरोबर मधे समुद्र असल्यामुळे प्रश्नच वेगळे आहेत, तिथे माणसांच्या ये-जा पेक्षा अनुभवाची देवाणघेवाण जास्त कामाची. लेप्टोचंच घ्या, उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा ताप, २००८ मध्ये श्रीलंकेत लेप्टोची मोठी साथ आली होती, सात हजारांवर संशयित केसेस, त्यातले बरेच भातशेतीतले. सिंधुदुर्गात लावणीच्या दिवसांत आपण तेच बघतो आणि तो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनची गोळी त्यांच्यासारखीच देतो. शेतकऱ्याने गोळी घ्यावी म्हणून त्यांनी काय केलं, कुठे अडलं, हे आपल्याला विचारता यायला हवं, आणि आपलं त्यांना सांगता यायला हवं.

असं कुठे जमलंय का? जमलंय. काळाआजाराचं, म्हणजे वाळूमाशी चावून होणाऱ्या दीर्घ तापाचं, उदाहरण आपल्याच दारातलं आहे. बिहार, नेपाळची तराई आणि बांगलादेश हा एकच पट्टा, वाळूमाशी एकच, माणसं सीमेपार बाजाराला, सासरी जाणारी. २००५ मध्ये भारत, नेपाळ, बांगलादेश यांनी करार केला, २०१४ मध्ये भूतान आणि थायलंडही आले. त्या करारातली कामाची गोष्ट म्हणजे एक सामायिक माप, वर्षाला दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी केस. ते माप भारतात ब्लॉकला लावायचं, बांगलादेशात उपजिल्ह्याला, नेपाळात जिल्ह्याला, म्हणजे प्रत्येकाची प्रशासनाची रचना तशीच ठेवली पण मोजणी एकमेकांशी ताडता येईल अशी केली. निदानाला सगळीकडे तीच झटपट चाचणी. २०२३ मध्ये बांगलादेशला काळाआजार निर्मूलनाचं प्रमाणपत्र मिळालं, जगात पहिला देश. याचं श्रेय फक्त कराराला देता येणार नाही, औषधं सुधारली, पैसा आला, फवारणी झाली. पण व्याख्या एक नसती तर कोण कुठे पोचलाय हेच कळलं नसतं.

दुसरं उदाहरण मेकाँग नदीच्या खोऱ्यातलं. कंबोडिया, चीन, लाओस, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम हे सहा देश, एकमेकांशी लढलेलेसुद्धा त्यात आहेत, त्यांनी १९९९ च्या सुमाराला रोग सर्वेक्षणाचं जाळं उभारायला घेतलं. त्यांनी सीमेवरचे समोरासमोरचे जिल्हे जोडीने घेतले, जसं थायलंडचं मुकदाहान आणि नदीपलीकडचं लाओसचं सवानाखेत. दोन्हीकडच्या जिल्हा आरोग्यवाल्यांनी एकमेकांना भेटायचं, ठरलेल्या आजारांची माहिती थेट एकमेकांना द्यायची आणि राजधानीला कळवत राहायचं. राजधानीने परवानगी आधीच देऊन ठेवलेली, दर वेळी मागायची नाही. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मध्यपूर्वेतही २००३ मध्ये इस्रायल, जॉर्डन आणि पॅलेस्टाइनच्या आरोग्यवाल्यांनी असं मंडळ केलं आणि सुरुवात कशापासून केली, तर अन्नातून होणाऱ्या आजारांपासून, साल्मोनेलापासून. ज्याच्यावरून कुणाची अब्रू जात नाही असा आजार आधी घेतला. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा ती ओळख कामाला आली.

आणि नाही जमलं तर काय होतं ते २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत दिसलं. गिनीतलं गेकेदू, सिएरा लिओनचं कैलाहुन, लायबेरियाचं फोया, तिन्ही एकमेकांना लागून, बाजार एक, नातेवाईक एक, पण इबोलाच्या संपर्कातल्या माणसांच्या याद्या तीन देशांच्या तीन. माणूस सीमा ओलांडून गेला की यादीतून गेला. साथ संपेपर्यंत २८ हजारांवर केसेस आणि ११ हजारांवर मृत्यू. त्यानंतर लायबेरिया आणि गिनीने आपापल्या राष्ट्रीय आरोग्य संस्था उभारल्या, आणि २०१७ मध्ये आफ्रिका सीडीसीचं काम सुरू झालं.

आता थोडं घरचं. देशादेशांत हे अवघड का, ते समजायला आपला गोचिडीतून होणारा माकडतापच बघा. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात हा विषाणू सापडला, कितीतरी वर्षं तो त्या भागातच होता, मग २०१२ पासून पसरत गेला, केरळ, तामिळनाडू, २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी, २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात. गोचिडीला राज्याची हद्द माहीत नाही आणि काजूच्या हंगामातल्या मजुरालाही नाही, दोडामार्गचा माणूस गोव्यात काजू गोळा करायला जातो, तापाने आजारी पडतो आणि बरेचदा बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजातच, दाखवायला जातो कारण ते जवळ. मग त्याची केस गोव्याची की महाराष्ट्राची? माकड मेलेलं एका राज्यात दिसलं तर पलीकडच्या गावाला कोण सांगणार, वनखातं की आरोग्यखातं? हे एकाच देशात असताना. सुरळीत व्हायला तालुका पातळीवरच्या लोकांनी एकमेकांचे नंबर घेऊन ठेवायला लागले, आणि रिपोर्ट ज्या आरोग्य केंद्राने नमुना पाठवला त्याच्यापर्यंत परत यायला हवा हे भांडून मिळवायला लागलं. नमुना वर गेला आणि उत्तर खाली आलंच नाही असं दोन-तीनदा झालं की आरोग्यसेवक पुढच्या वेळी नमुना घेण्यात कमी जीव घालतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, माणूस असाच वागतो. देशांचंही तसंच.

२००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने बाहेर द्यायचं थांबवलं, कारण त्यांच्याच नमुन्यातून परदेशी कंपनी लस बनवणार आणि ती त्यांनाच परवडणार नाही अशी स्थिती दिसत होती. जगभरातून टीका झाली, पण मुद्दा खरा होता, आणि २०११ मध्ये नमुने देणाऱ्यालाही लस-औषधांचा वाटा मिळावा अशी चौकट जागतिक पातळीवर करावी लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमिक्रॉन लगेच जगाला सांगितला आणि एक-दोन दिवसांत त्यांचीच विमानं बंद झाली. आपल्या किनाऱ्याला समजेल असं एक सांगतो, १९९७ च्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत कॉलरा होता म्हणून युरोपने तिथल्या काही देशांच्या ताज्या मासळीवर बंदी घातली. उद्या आपल्या बंदराबाबत तसं झालं तर बोटमालक, बर्फवाला, मासे निवडणाऱ्या बायका, सगळे बसतील, मग पुढच्या वेळी जुलाबाच्या केसेस कळवायला कोण पुढे येईल? म्हणून शेजाऱ्यांच्या कुठल्याही करारात, जो आधी सांगेल त्याच्यावर लगेच बंदी घालायची नाही, आधी एकमेकांशी बोलायचं, हे लिहिलेलं असावं. मी तर ते पहिल्या कलमात घालीन.

इथवर आल्यावर तुमच्या तीन पर्यायांचं सांगतो. ट्रेनिंग आधी, पण वर्गातलं नाही. दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकत्र साथीचा तपास करायचा असं ट्रेनिंग, कारण त्यातून अशी ओळख होते की रात्री फोन केला तर उचलतात. चेन्नईला राष्ट्रीय साथरोग संस्थेत २००१ पासून फील्ड एपिडेमिऑलॉजीचा कोर्स चालतो, थायलंडचा त्याहून जुना, १९८० चा. अशा कोर्सात शेजारी देशांची पोरं एकत्र बसली तर दहा वर्षांनी तीच आपापल्या संस्थेत अधिकारी असतात. त्यानंतर करार, छोटा, एका आजारापुरता, आणि त्यात जिल्ह्याला थेट बोलायची मुभा. डेटाबेस सगळ्यात शेवटी. आपलंच आधीचं कागदी सर्वेक्षण आणि २०२१ पासूनचं आयएचआयपी, म्हणजे आजारांची ऑनलाइन नोंद करायचं सरकारी पोर्टल, जुळवताना किती अडचणी आल्या ते आम्ही भोगलंय, तर दोन देशांची पोर्टलं जोडण्यात तुमच्या प्रोजेक्टची वर्षं जातील. सुरुवातीला महिन्याला एक साधा तक्ता पुरतो, त्यात नावं नकोत, फक्त जिल्हा, वयोगट, तारीख, आजार आणि शेवटचा रकाना 'पुढे काय झालं'.

नावाचा प्रश्न मात्र जपून हाताळा. त्या पोराची माहिती मालकाच्या हातात गेली तर त्याचं काम जाऊ शकतं, हे मी होताना बघितलंय. म्हणून ज्याच्या उपचाराची माहिती आहे ती त्याच्याच हातात कार्डावर द्या, कुठली तपासणी, कुठलं औषध, किती दिवस झाले, किती राहिले, कुठल्या केंद्रातून. सीमेपार न्यायचं की नाही, दाखवायचं की नाही, तो ठरवेल. कार्डावर आपल्या केंद्राचा फोन नंबर असू दे, तिकडच्या केंद्राने एक मेसेज टाकला की "आला होता, गोळ्या पूर्ण झाल्या" एवढं जरी परत आलं तरी बंदरावरच्या आरोग्यसेवकाला कळेल की जेट्टीवर घालवलेली दुपार उपयोगाला आली.

तुम्हाला वेळ असेल तर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बंदरावर जा, बोटी अजून चालू असतात आणि पोरं परतीच्या तयारीत असतात. तांडेलाशी आधी बोला, त्याच्याशिवाय खलाशी बोलणार नाहीत. संध्याकाळी मासळी उतरवून झाल्यावर जा, सकाळी लिलावाच्या वेळी कुणाला फुरसत नसते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरची परवानगी आणि तुमच्या कॉलेजच्या एथिक्स कमिटीचं पत्र बरोबर असू द्या. आणि कार्डाचा मजकूर नेपाळीत करा. लिपी देवनागरीच आहे म्हणून आपल्याला वाटतं मराठी-हिंदीत भागेल, तसं भागत नाही. मजकूर करून घेतलात की छापायच्या आधी बोटीवरच्याच एखाद्या शिकलेल्या पोराकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि जिथे तो अडखळेल ते वाक्य बदला.